‘मला तेव्हाच कळायला हवं होतं’ : जुन्या चुकांचं काय करायचं?

सांजवेळ (धागाकर्ती)

फोनवर लोकांचं बोलणं ऐकून घ्यायचं काम मी बरीच वर्षं करते आहे. सल्ला द्यायचा नाही, फक्त ऐकायचं. कोण काय बोललं ते इथे सांगणार नाही, सांगूही नये. पण एक वाक्य इतक्या वेगवेगळ्या तोंडून ऐकलं आहे की त्यावर तुमच्याशी बोलावंसं वाटलं. ते वाक्य म्हणजे, ‘मला तेव्हाच कळायला हवं होतं.’ मोडलेलं लग्न असो, बुडालेला धंदा असो, आईवडिलांच्या आजाराकडे वेळेवर न दिलेलं लक्ष असो की मुलावर उगारलेला हात, सगळं सांगून झालं की माणूस शेवटी या वाक्याशी येऊन थांबतो.

घरचे त्यांना सांगत असतात की झालं गेलं विसरून जा. ज्याला विसरता आलं असतं तो रात्री अनोळखी माणसाला फोन कशाला करेल?

माणसाकडून चुका होतात, हे तत्त्व सगळ्यांना मान्य असतं. मैत्रिणीची चूक असली तर आपण तिला ते लगेच ऐकवतोही. स्वतःची ती एक चूक मात्र या नियमाला अपवाद वाटते. मला वाटतं याचं एक कारण असं की, आपण तेव्हाच्या स्वतःला आजच्या माहितीवर तपासतो. आईचा थकवा, कमी झालेलं जेवण, एकदा आलेली चक्कर, या खुणा आज ठळक दिसतात, कारण आज निदान माहीत आहे. तेव्हा त्या रोजच्या पन्नास गोष्टींत मिसळलेल्या होत्या. त्याच महिन्यात नोकरीचं टेन्शन होतं, मुलाची परीक्षा होती, आई स्वतःच ‘काही नाही गं, वय झालं’ म्हणत होती. हे सगळं आपण सोयीस्करपणे नाही, तर अत्यंत निर्दयपणे विसरतो.

तेव्हाच्या स्वतःला तेव्हाच्या परिस्थितीसकट बघणं, ही स्वीकाराची पहिली पायरी असावी असं मला वाटतं. तुम्ही काय करता? पुस्तकी नको, खरंखुरं लिहा.

आडवाट

सांजवेळताई, तुम्ही म्हणताय ते प्रयोगांतही दिसलेलं आहे. बारूक फिशॉफ या मानसशास्त्रज्ञाने १९७५ साली विद्यार्थ्यांना १८१४ मधल्या इंग्रज-गुरखा संघर्षाची हकीकत वाचायला दिली. काहींना शेवट सांगितलाच नाही. बाकीच्यांच्या गटांना वेगवेगळे शेवट ‘खरे’ म्हणून सांगितले : एका गटाला इंग्रज जिंकले म्हणून, दुसऱ्याला गुरखे जिंकले म्हणून, असं. मग प्रत्येक शेवटाची शक्यता किती होती ते विचारलं. ज्याला जो शेवट सांगितला होता त्याला तोच होण्याची शक्यता जास्त वाटली. पुढे आणखी एक पायरी होती : शेवट ठाऊकच नाही असं समजून उत्तर द्या, असं मुद्दाम सांगितलं. तरीही ते जमलं नाही. कळलेली गोष्ट मनातून बाजूला काढता येत नाही.

याच सुमारास त्याने रूथ बेथबरोबर दुसरा एक अभ्यास केला. अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष निक्सन १९७२ मध्ये चीन आणि सोव्हिएत संघाच्या दौऱ्यांवर गेले, त्याआधी तिथे काय काय घडेल याचे अंदाज लोकांकडून लिहून घेतले होते. नंतर त्यांना आपलेच अंदाज आठवायला सांगितले. जे प्रत्यक्षात घडलं त्याला आपण आधीच बरीच शक्यता दिली होती, असं लोकांना ‘आठवलं’. कागदावर वेगळंच होतं.

म्हणजे ‘मला आतून वाटतच होतं, तरी मी दुर्लक्ष केलं’ ही जी सगळ्यांत जास्त टोचणारी आठवण असते, तीसुद्धा बरेचदा नंतर तयार झालेली असू शकते. म्हणून मी मोठा निर्णय घेताना कारणं वहीत लिहून ठेवतो. काय माहीत आहे, काय माहीत नाही, कशाची भीती वाटते आहे. निर्णय फसला तर ती वही माझ्या बाजूने साक्ष देते. कधी विरुद्धही देते, आणि तेही बरंच आहे.

कोरा_कागद

वहीची कल्पना आवडली. +१

निवडुंग

चर्चा चांगली आहे, पण पहिल्या ओळीपासून चूक करणाऱ्याच्याच बाजूने चालली आहे. ज्याच्या वाट्याला ती चूक आली त्याचं काय?

मी शाळेत असताना माझ्या वडिलांनी घर सोडलं. पुष्कळ वर्षांनी भेटले तेव्हा अगदी शांत होते. म्हणाले, मी भूतकाळाशी समेट केला आहे, माणसाच्या हातून चुका होतात. त्या शांतपणाचा मला जो राग आला तो अजून गेलेला नाही. तो समेट झाला तेव्हा आई, मी, धाकटी बहीण, आमच्यापैकी कोणालाही बोलावलं नव्हतं.

आणि ‘तेव्हा माहीत नव्हतं’ हे सगळीकडे लागू पडत नाही. त्यांना माहीत होतं. बाईला दोन मुलांसह मागे सोडलं की तिचं काय होतं हे कळायला भविष्य दिसावं लागत नाही. चुका नैसर्गिक असतात, कबूल. पण हे वाक्य चूक करणाऱ्याने, ज्याचं नुकसान झालं त्याच्यासमोर, स्वतःबद्दल उच्चारू नये. ते म्हणायचा हक्क समोरच्याचा आहे, आणि त्याने तो कधीच वापरला नाही तरी चालतं.

सांजवेळ

निवडुंग, तुम्ही हे लिहिलंत ते फार बरं झालं. माझ्या डोळ्यांसमोर अजाणता झालेल्या चुका होत्या आणि मी सगळ्यांना एकाच पंगतीला बसवलं. जाणूनबुजून केलेल्या गोष्टीला तेव्हाची परिस्थिती आठवून उत्तर मिळत नाही. तिथे स्वीकाराचा अर्थ ‘हे मी केलं, मला कळत होतं, तरी केलं’ इतकं मोठ्याने म्हणता येणं असाच घ्यावा लागेल. आणि त्या माणसांना ते अवघड जातं. फोनवरही ‘माझ्याकडून ते घडलं’ असं म्हणणारे पुष्कळ असतात, ‘मी ते केलं’ म्हणणारे फार थोडे.

रातपाळी

मी रुग्णालयात परिचारिका आहे. आमच्या कामात हा फरक रोज करावा लागतो, म्हणून लिहिते.

चार्ल्स बॉस्क नावाच्या समाजशास्त्रज्ञाने शिकाऊ सर्जनांमध्ये राहून अभ्यास केला, तो १९७९ साली प्रसिद्ध झाला. त्याला दिसलं ते असं : हात चुकला, अंदाज चुकला, तर वरिष्ठ डॉक्टर रागावायचे पण माफ करायचे, अट एवढीच की लगेच येऊन सांगितलं पाहिजे आणि पुन्हा तेच होता कामा नये. पण चूक लपवली, रुग्णाकडे जायला हवं होतं आणि गेलाच नाही, तर तो माणूस नजरेतून उतरायचा. पहिली कौशल्याची चूक, दुसरी सचोटीची. निवडुंग यांचा मुद्दा मला दुसऱ्या प्रकारातला वाटतो.

आता पहिल्या प्रकाराबद्दल. अल्बर्ट वू या डॉक्टरांनी २००० साली लिहिलं की वैद्यकीय चुकीत पहिला बळी रुग्ण असतो, पण ज्याच्या हातून ती झाली तो डॉक्टर किंवा नर्स दुसरा बळी ठरतो. मी अशी माणसं जवळून पाहिली आहेत. माझ्याबरोबरची एक अतिशय दक्ष मुलगी औषधाच्या मात्रेत झालेल्या एका गोंधळानंतर महिनोन् महिने प्रत्येक इंजेक्शन चार चार वेळा तपासायची. रुग्ण सुखरूप घरी गेला होता, पण ती काही त्यातून बाहेर येईना. तिला ‘विसरून जा’ म्हणणारे पुष्कळ होते. तिला उपयोग झाला तो वेगळ्याच गोष्टीचा. त्या गोंधळाचं कारण शोधायला बसलो तेव्हा तिलाही बोलावलं, तिचं ऐकलं, आणि दिसायला सारख्या असलेल्या दोन औषधांच्या कुप्या तिच्या सूचनेवरून वेगळ्या कपाटांत गेल्या. तिच्या चुकीतून पुढच्या माणसासाठी काहीतरी बदललं. त्यानंतर ती पूर्वीसारखी झोपू लागली.

गगनभरारी

विमान क्षेत्रातही हेच. अमेरिकेत नासा १९७६ पासून एक नोंद व्यवस्था चालवते. वैमानिक, हवाई नियंत्रक वगैरे आपल्या चुका तिथे स्वतःहून कळवतात, नावं गुप्त ठेवली जातात. दहा दिवसांच्या आत कळवलं तर नियमभंगाचा दंड सहसा माफ होतो. पण मुद्दाम केलेल्या कृतीला, गुन्ह्याला आणि प्रत्यक्ष अपघाताला ही सवलत नाही. चुका होणारच हे गृहीत धरलं आहे, पण त्याला मर्यादाही घातली आहे. रातपाळी यांनी सांगितलेला फरक इथे थेट नियमातच उतरला आहे.

कोरा_कागद

एक प्रामाणिक शंका. स्वतःला माफ केलं की माणूस ढिला पडत नाही का? मला तर वाटतं की ती टोचणी आहे म्हणूनच मी पुन्हा तसं वागत नाही. ती गेली तर काय राहिलं?

आडवाट

कोरा_कागद, यावर दोन्ही बाजूंचे निष्कर्ष आहेत आणि म्हणूनच ते मला विश्वासार्ह वाटतात.

मायकेल वोल आणि सहकाऱ्यांनी कॅनडातल्या एका विद्यापीठात अभ्यास केला, २०१० साली प्रसिद्ध झाला. पहिल्या परीक्षेआधी ज्यांनी अभ्यास पुढे पुढे ढकलला त्यांना विचारलं की यासाठी तुम्ही स्वतःला कितपत माफ केलंय. ज्यांनी माफ केलं होतं त्यांनी पुढच्या परीक्षेआधी कमी चालढकल केली. स्वतःला कोसणाऱ्यांना अभ्यासाचं पुस्तक उघडणंच नकोसं होत असावं, कारण पुस्तक उघडलं की आपली नालायकी आठवणार.

पण याच वोल यांनी पुढे सिगरेट ओढणाऱ्यांचा अभ्यास केला. तिथे उलटं दिसलं. धूम्रपानाबद्दल स्वतःला माफ करणारे लोक ते सोडायला कमी तयार होते.

माझ्या मते यातून तुमच्या शंकेचं उत्तर मिळतं. चूक संपलेली असेल तर माफी पुढे जायला मदत करते. चूक अजून चालूच असेल तर तीच माफी पांघरूण होते. टोचणी ठेवायची की सोडायची हे ठरवण्याआधी, ती गोष्ट थांबली आहे का, एवढं विचारावं.

निवडुंग

हे पटलं. आणि आमच्या घरी जे चुकीचं वाटत राहिलं त्यालाही यातून शब्द मिळाले. वडिलांच्या दृष्टीने ती चूक त्या वर्षी संपली. आमच्या दृष्टीने ती चालूच होती, दर महिन्याला, आई दोन ठिकाणी काम करायची तेव्हा.

जुनं_पान

थोडा वेगळा सूर लावतो. वय झालेल्या माणसाला विचाराल तर केलेल्या चुका फारशा सलत नाहीत. सलतं ते न केलेलं. परीक्षेला बसलोच नाही, बोलायचं होतं ते बोललो नाही, भाऊ गेला आणि भांडण तसंच राहिलं. थॉमस गिलोविच आणि व्हिक्टोरिया मेडवेक यांचं १९९० च्या दशकातलं काम हेच सांगतं : जवळच्या काळात केलेल्या गोष्टींची हळहळ जास्त वाटते, पण आयुष्याकडे लांबून पाहताना न केलेल्या गोष्टींची. केलेल्या चुकीला शेवट असतो, परिणाम दिसतात, माणूस काहीतरी निस्तरतो. न केलेल्या गोष्टीला शेवटच नसतो. तिचं काय झालं असतं ते मन हवं तितकं सुंदर रंगवू शकतं. मी ज्या नोकरीला गेलो नाही तिथे माझ्या कल्पनेत आजवर एकही वाईट दिवस आलेला नाही.

दुसरं, गांधीजींचं उदाहरण इथे यायला हवं. १९१९ मध्ये रौलट कायद्याविरुद्धच्या सत्याग्रहात हिंसा झाली, तेव्हा त्यांनी जाहीर सभेत कबूल केलं की लोकांची तयारी नसताना सत्याग्रहाची हाक देणं ही आपली हिमालयाएवढी चूक होती. थट्टा झाली, टीका झाली. त्यांनी सत्याग्रह स्थगित केला. पण सत्याग्रह हा मार्गच चुकीचा, असं ते म्हणाले नाहीत, आणि आता मी नेतृत्वाला नालायक आहे, असंही म्हणाले नाहीत. चूक नेमकी कुठे झाली तिथे बोट ठेवलं आणि आधी लोकांना शिस्त शिकवायला हवी या कामाला लागले. चूक कितीही मोठी म्हटली तरी तिला हद्द आखून देणं मला यात महत्त्वाचं वाटतं. आपण नेमकं उलटं करतो : एक निर्णय चुकला की ‘माझं सगळंच चुकतं’ म्हणतो. त्यात नम्रता दिसते खरी, पण असं म्हटलं की दुरुस्त काय करायचं ते कळेनासं होतं.

चिमणपाखरू

मी इथे वयाने सगळ्यांत लहान असेन. माझं असं होतं की रात्री दिवा मालवला की जुनं काहीतरी आठवतं. वर्गात चुकीचं बोलले आणि सगळे हसले, असलं क्षुल्लकसुद्धा. आणि एक क्षुल्लक नाही तेही. मैत्रिणीने विश्वासाने सांगितलेली गोष्ट मी दुसरीला सांगितली, ती सगळीकडे पसरली. तिने माझ्याशी बोलणं सोडलं. आता आम्ही वेगवेगळ्या ठिकाणी आहोत. तिला पत्र लिहावं का? की इतक्या वर्षांनी तिला पुन्हा ते आठवून देणं हाच त्रास होईल?

आडवाट

वर्गातल्या हसण्याचं सोडून दे. गिलोविच यांनीच २००० साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना लाज वाटेल असा टी-शर्ट घालून इतरांनी भरलेल्या खोलीत पाठवलं. त्यांना वाटलं निम्म्या लोकांनी तरी पाहिला असेल. प्रत्यक्षात साधारण एक चतुर्थांश लोकांच्याच लक्षात आला होता. तुझं ते बोलणं तुझ्याशिवाय आता कुणाच्या स्मरणातही नसेल.

सांजवेळ

चिमणपाखरू, रात्रीच्या विचारांबद्दल आधी. कोळसा उगाळावा तितका काळाच, हे आपण लहानपणापासून ऐकतो. सुझन नोलन-होक्सीमा यांनी आयुष्यभर याचाच अभ्यास केला. १९८९ साली कॅलिफोर्नियात मोठा भूकंप झाला, त्याच्या थोडे दिवस आधी त्यांनी योगायोगाने विद्यार्थ्यांच्या मनःस्थितीची आणि सवयींची नोंद केलेली होती. उदास वाटलं की तेच तेच घोळवत बसायची सवय ज्यांना आधीपासून होती, ते भूकंपानंतर जास्त खिन्न राहिले. त्यामुळे रात्री ते आठवलं की स्वतःला एकच विचार : या विचाराच्या शेवटी उद्या करण्यासारखं काही निघतंय का? निघत असेल तर उठून कागदावर लिही आणि झोप. निघत नसेल तर तो विचार कितीही पश्चात्तापासारखा वाटला तरी त्याने कुणाचंच भलं होत नाहीये, ना तुझं ना तिचं.

मैत्रिणीचं मात्र वेगळं आहे. तिथे करण्यासारखं आहे, म्हणूनच ते जात नाहीये. पत्राबद्दल मात्र ज्यांना अशी माफी मागायचा किंवा ऐकायचा अनुभव आहे त्यांनीच बोलावं.

मोकळा_श्वास

मी बोलतो. माझ्या भावाच्या दारूच्या काळात आणि नंतरही मी त्याच्याबरोबर होतो. अल्कोहॉलिक्स अ‍ॅनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या संघटनेच्या बारा पायऱ्या १९३९ साली छापल्या गेल्या, त्यातली आठवी म्हणजे ज्यांचं आपण नुकसान केलं त्यांची यादी करायची आणि भरपाईची मनाची तयारी करायची. नववी म्हणजे शक्य तिथे थेट भरपाई करायची, पण त्यामुळे त्यांना किंवा इतर कुणाला इजा होणार असेल तर नाही. ही शेवटची अट फार विचार करून घातलेली आहे. भावाच्या यादीत एक माणूस असा होता की ज्याच्याकडे जायचं नाही असंच शेवटी ठरलं, कारण जाण्याने हलकं वाटलं असतं ते फक्त भावाला.

म्हणून चिमणपाखरू, स्वतःला विचार : पत्र तिच्यासाठी आहे की तुझी झोप परत यावी म्हणून? थोडं दोन्ही असणार, ते ठीक आहे. पण तिचा भाग मोठा हवा. ती गोष्ट काय होती तेही बघ. ती पुन्हा कागदावर आली आणि घरातल्या दुसऱ्या कुणी वाचली तर तिला अडचण होईल अशी असेल, तर पत्रात त्या गोष्टीचा उल्लेखच करू नकोस.

रातपाळी

अगदी. आणि ‘तुला वाईट वाटलं असेल तर क्षमस्व’ असं लिहू नकोस. तिला वाईट वाटलंच आहे.

आडवाट

माफीवर रॉय लेविकी आणि सहकाऱ्यांचं २०१६ चं काम आहे. त्यांनी माफीचे सहा घटक वेगळे काढले आणि लोकांना कोणता जास्त पटतो ते पाहिलं. सगळ्यांत वजनदार ठरलं ‘चूक माझी होती’ असं सरळ मान्य करणं, त्याखालोखाल नुकसान भरून काढायची तयारी. सगळ्यांत कमी महत्त्वाचं काय ठरलं, तर ‘मला क्षमा कर’ ही विनंती. आपण तर बहुतेकदा तेवढंच म्हणतो.

चिमणपाखरू

मग असं लिहू का : ‘तू विश्वासाने सांगितलेली गोष्ट मी दुसरीकडे बोलले. तुझी काहीच चूक नव्हती. त्यानंतर तुला वर्गात जे सहन करावं लागलं ते माझ्यामुळे. त्या वेळी सगळ्यांसमोर मी हे कबूल करायला हवं होतं, ते मी केलं नाही.’ पुढे काय लिहावं सुचत नाही.

सांजवेळ

पुढे काही लिहू नकोस. एवढंच पुरेसं आहे.

निवडुंग

चांगलं आहे. ‘माझ्यामुळे’ हा शब्द ठेवलास ते विशेष आवडलं. एकच भर घालतो, ऐकणाऱ्याच्या बाजूचा म्हणून. शेवटी एक ओळ टाक की उत्तर दिलं नाहीस तरी चालेल. आणि मग खरोखर उत्तराची वाट बघू नकोस. तिला वाचायला, रागवायला, पत्र बाजूला ठेवून द्यायला आणि हवं असेल तर दोन वर्षांनी उत्तर द्यायला मोकळीक राहू दे. माझ्या वडिलांनी अशा चार ओळी लिहिल्या असत्या तर मी उत्तर दिलं असतं की नाही ते मला सांगता येत नाही, पण वाचल्या नक्की असत्या.